फळीवरची अठ्ठाविसावी टोपली

जबाब
दिनांक ११ नोव्हेंबर २०२३, शनिवार, सकाळी १० वाजून १० मिनिटे

मी, क्वाक ओक-बुन, वय ६१ वर्षे, धंदा न्हाणीघरात गिऱ्हाइकांचे अंग घासून देणे, राहणार सोहो चढण, मासळी बाजाराच्या मागे, थोंगयोंग. आज रोजी बंदर पोलीस चौकीत आपण होऊन हजर झाले आहे. मला कोणी शिकवून पाठवलेले नाही. जबाब घेणाऱ्या पोलीस अधिकारी ओ मॅडम विचारतात त्याप्रमाणे समक्ष सांगते ते असे की,

दालमाजी न्हाणीघराच्या बायकांच्या बाजूला मी एकतीस वर्षांपासून काम करते. धंद्याच्या रकान्यात मॅडमनी आधी 'मदतनीस' असे लिहिले होते, ते मी बदलून घेतले. मी मदतनीस नाही. गिऱ्हाईक तासभर गरम पाण्यात बसून आले की माझ्या टेबलावर झोपते, मी हातात हिरवा खरखरीत मोजा घालून त्याच्या अंगावरचा मळ काढते. पाठ झाली की दोनदा थोपटते, म्हणजे त्याने कुशीवर वळायचे. रोज बारा ते पंधरा बायका होतात. या गावातल्या अर्ध्या बायकांच्या पाठी मला पाठ आहेत. तोंड झाकून झोपली तरी कोण ते सांगेन.

आमच्याकडे महिन्याच्या बोलीने येणाऱ्या सत्तावीस बायका आहेत. बहुतेक कालवांच्या शेडवर काम करणाऱ्या. पहाटे चारपासून उभ्याने कालवे फोडतात, दुपारी तीनला सुटतात आणि तडक आमच्याकडे येतात. खांदे दगडासारखे झालेले असतात, हातांना कालवांचा वास असतो. घरी सासू, नवरा, नातवंडे. आमच्याकडे कपडे काढायच्या खोलीत मधोमध एक लाकडी चौथरा आहे. अंघोळ झाली की त्यावर तशाच उघड्या अंगाने बसतात, उकडलेली अंडी सोलतात, तांदळाचे गोड पेय पितात, आणि ज्याचे नाव निघेल त्याची सालपटे काढतात. तिथे कोणी पोट आत घेऊन बसत नाही. त्या चौथऱ्याचा मला अभिमान आहे. ओ मॅडम म्हणाल्या, एवढे लिहायची गरज नाही. मी म्हणाले, गुन्हा या चौथऱ्यावरच झाला आहे, तेव्हा लिहा.

या बायका आपापली अंघोळीची टोपली घरी नेत नाहीत. शॅम्पू, साबण, मोजा, वज्री असे सगळे टोपलीत असते आणि टोपली आमच्या फळीवर असते. टोपलीवर चिकटपट्टीने नाव लावलेले असते. आमच्यात बाईला मुलाच्या नावाने ओळखतात, म्हणून 'सोंगहोची आई', 'दायुनची आई' अशी नावे. दुसरीच्या टोपलीला हात लावायचा नाही हा आमच्याकडचा नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण मोडलेला मी पाहिलेला नाही. फक्त एक मुभा मला आहे. रोज बाराच्या सुमारास गर्दी नसते तेव्हा मी फळी पुसते आणि टोपल्या एका ओळीत, नाव समोर येईल अशा लावते. वाकडी टोपली मला बघवत नाही. मालकीणबाई मला त्यावरून चिडवतात की, ओक-बुन सैन्यात असती तर शत्रूनेसुद्धा रांग लावली असती.

दिनांक २० ऑक्टोबर, शुक्रवारी फळीवर अठ्ठाविसावी टोपली दिसली. गुलाबी रंगाची, नवी. त्यावर 'जिनआची आई' असे नाव होते. मला शंका आली नाही. ऑक्टोबरात कालवांचा हंगाम सुरू होतो, बाहेरगावाहून बायका कामाला येतात, नवी टोपली येणे नेहमीचे आहे. ती बाई मी त्याच दिवशी पाहिली. वय चाळीसच्या आसपास, अंगाने बारीक, केस खांद्यापर्यंत, बोलणे गोड. मला "ताई, दमलात का?" असे विचारले. मला बरे वाटले होते, हेही सांगते.

त्यानंतर सदर बाई दर सोमवारी आणि शुक्रवारी येत असे. मंगळवारी आमच्याकडे सुट्टी असते. ती येई, दहा मिनिटे पाण्यात बसे, केस ओले करत नसे. माझ्याकडे अंग घासायला एकदाही आली नाही. मी एकदा म्हणाले, "जिनआच्या आई, इतके पैसे भरून येता आणि कोरड्याच परत जाता."

ती म्हणाली, "माझी कातडी नाजूक आहे हो ताई."

मी म्हणाले, "नाजूक कातडीच्या बायका मी एकतीस वर्षं घासते आहे. अजून कोणाची सोलून निघाली नाही."

ती हसली आणि गेली. तिच्या टोपलीतला साबण तीन आठवड्यांत जराही झिजला नव्हता. ते मला दिसत होते. पण दुसरीचा साबण किती उरला हे विचारणे आमच्यात शोभत नाही, म्हणून मी विचारले नाही.

दिनांक ९ नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मी फळी साबणाने धुवायला काढली. ते मी महिन्यातून एकदा करते. त्यासाठी सगळ्या टोपल्या उतरवून चौथऱ्यावर ठेवाव्या लागतात. गुलाबी टोपली उचलताना माझा हात शॅम्पूच्या बाटलीला लागला. बाटली कोमट होती. फळी खिडकीपाशी नाही, हीटरपाशी नाही. बाकी सत्तावीस टोपल्यांतली एकूण एक वस्तू गार होती, मी हात लावून पाहिली. मी बाटलीचे टोपण दाबले. शॅम्पू आला नाही. बाटली फिरवून पाहिली तर कंपनीच्या छापील फुलाच्या मधोमध मोहरीएवढे भोक होते आणि त्यात काच होती.

मी नियम मोडला. बाटलीचे बूड फिरवून उघडले. आत काळी डबी, तिला तार आणि बॅटरी होती. त्या वेळी चौथऱ्यावर छू आजी बसल्या होत्या. छू आजी म्हणजे छू बोक-सून, वय ८३, आमच्याकडच्या सगळ्यांत जुन्या बाई, दिवसातून दोनदा येतात. त्या अंडे सोलत होत्या. मला म्हणाल्या, "काय गं, साप निघाला का?" मी म्हणाले, "नाही आजी, शॅम्पू संपलाय." मी त्यांच्याशी एकतीस वर्षांत बोललेले हे पहिले खोटे आहे. मी भिजलेला साबण चिमटीत घेऊन त्या भोकावर चोपडला आणि बाटली टॉवेलात गुंडाळून काउंटरवर नेली.

काउंटरवर मालकीणबाई हाम मल-सुन, वय ७०, या बसल्या होत्या. मी बाटली उघडून दाखवली. त्यांनी आधी दार लावून घेतले आणि मला म्हणाल्या, "ओक-बुन, हे बंदरात फेकून ये. टोपलीसुद्धा. ती बाई आली की मी तिला दारातून हाकलते. चार भिंतीतलं चार भिंतीत राहू दे."

मी म्हणाले, "चार भिंतीतलंच तर बाहेर गेलं ना."

"पोलिसात गेलीस तर पेपरात येईल. एक बाई फिरकायची नाही. तुझं टेबल रिकामं, माझं दुकान बंद. तुला कळतंय का काही?"

"कळतंय."

"मग?"

"मालकीणबाई, उद्या सोंगहोची आई त्या चौथऱ्यावर बसेल. मला ठाऊक असेल आणि तिला ठाऊक नसेल. मी तिची पाठ कोणत्या हाताने घासू?"

मी काउंटरवरचा फोन उचलून पोलिसांना लावला. त्यांनी मला अडवले नाही, हे मी मुद्दाम सांगते. त्यांच्या मनात काय होते ते त्या सांगतील, पण त्यांनी फोनची तार हाताने सोडवून माझ्याकडे सरकवली होती.

दुपारी एकच्या सुमारास नाम ये-रिन मॅडम साध्या कपड्यात आल्या. वय विचारले नाही, पण माझ्या भाचीपेक्षा लहान असाव्यात. त्यांनी फोटो काढले आणि म्हणाल्या, बाटली जागेवर तशीच चालू ठेवली तर ती बाई न्यायला येईल तेव्हा रंगेहाथ सापडेल. मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, "ताई, एका दिवसाचा प्रश्न आहे." मी म्हणाले, "तीन वाजता शेड सुटेल. अकरा जणी येतील. त्यांतली कोणती एक तुम्ही पुराव्याला धरली आहे, तेवढी सांगा." मग नाम मॅडमनी फोन करून वरिष्ठांना विचारले आणि यंत्र काढून घेतले. तसल्याच शॅम्पूची बाटली मी दुकानातून आणून रिकामी करून दिली, ती टोपलीत ठेवली. त्या क्षणानंतर आमच्या न्हाणीघरात एकाही बाईचे चित्र निघालेले नाही. हे वाक्य ओ मॅडमनी माझ्या सांगण्यावरून मुद्दाम घेतले आहे.

दिनांक १० नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी नऊ वाजता नाम मॅडम पुन्हा आल्या आणि पँट-शर्टात चौथऱ्यावर बसल्या. मी त्यांना म्हणाले, "असं बसलात तर पहिली बाई आत येतानाच विचारेल की गॅसवाली आली का."

त्या म्हणाल्या, "मी ड्यूटीवर आहे."

"मीही ड्यूटीवर आहे. इथली ड्यूटी कपडे काढूनच होते."

त्यांनी पाच मिनिटे विचार केला आणि कपडे काढले. काम करताना मी काळी चोळी आणि काळी चड्डी घालते, आमच्या धंद्याचा तोच गणवेश आहे. अकराच्या सुमारास नाम मॅडम काकडायला लागल्या. माझ्या टेबलावरून काचेच्या दारातून फळी समोर दिसते, म्हणून मी त्यांना टेबलावर झोपा म्हणाले. त्यांनी जन्मात कधी दुसऱ्याकडून अंग घासून घेतलेले नव्हते. मी दोनदा थोपटले, तर कोणी आले असे समजून त्या उठूनच बसल्या. त्यांच्या अंगाचा किती मळ निघाला ते जबाबात सांगणार नाही असे मी त्यांना वचन दिले आहे, म्हणून सांगत नाही.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी काउंटरवरून मालकीणबाईंचा आवाज आला, "आत तीन टॉवेल पाठव गं." बायकांच्या बाजूला प्रत्येकीला दोनच टॉवेल मिळतात, तिसरा मालकीणबाई सख्ख्या बहिणीलाही देत नाहीत, म्हणून आम्ही ती खूण ठरवली होती. सदर बाई आत आली. तिने बूट ठेवले, कपडे काढले नाहीत, इकडेतिकडे पाहिले आणि सरळ गुलाबी टोपलीपाशी जाऊन बाटली उचलली. बाटली हलकी लागताच ती थबकली. तोवर नाम मॅडम टॉवेल गुंडाळून दारातून बाहेर पडल्या होत्या. त्यांनी तिचा उजवा हात धरला आणि "पोलीस" असे म्हणाल्या. डाव्या हाताने त्या टॉवेल धरून होत्या, म्हणून त्या बाईचा दुसरा हात मी धरला. माझा मोजा हातातच होता. तिला खरचटले असेल तर ते त्यामुळे आहे, मारहाण झालेली नाही.

तिचे नाव मा ह्ये-गंग आहे हे नंतर कळले. ती त्या वेळी जे बोलली ते मी आठवते तसे सांगते. आधी म्हणाली, टोपली माझी नाही. मग म्हणाली, "मी फक्त ठेवायची आणि न्यायची. फोनवर कोणीतरी सांगायचं. मी काहीच बघितलं नाही."

मी म्हणाले, "ठेवलीस ना?"

"तुमच्या इथल्या म्हाताऱ्यांना बघून कोणाला काय मिळणार होतं?"

"हे त्यांना आधी का नाही विचारलंस?"

त्यावर ती माझ्याकडे वळून जे बोलली ते असे, "मी बाटलीचं तोंड लॉकरकडे करून जायचे. तुम्हीच रोज टोपली फिरवून चौथऱ्याकडे करत होतात. सगळं चौथऱ्यावरचंच निघालंय. मला त्यावरून बोलणी बसायची."

मी तिचा हात सोडला. नाम मॅडमनी मला हाक मारली तेव्हा पुन्हा धरला.

त्यानंतर सदर बाईला गाडीतून नेले. फळी, टोपली आणि खोली यांचा पंचनामा झाला, त्यावर माझी सही आहे.

याबाबत मला जे म्हणायचे आहे ते मी स्पष्ट म्हणते. टोपल्यांची नावे समोर करण्याची सवय माझी आहे. तीन आठवड्यांतल्या सुट्ट्या सोडून रोज, स्वतःच्या हाताने, मी तो कॅमेरा चौथऱ्याकडे तोंड करून ठेवला आहे. ओ मॅडम म्हणाल्या की यात माझा गुन्हा नाही, हे जबाबात नसले तरी चालेल. मी म्हणाले, मला गुन्ह्याचे विचारायचे नाही. ज्या बायका त्यात आहेत त्यांच्यापासून हे लपवून मी या खुर्चीत बसू शकत नाही. म्हणून ते जबाबात आहे.

काल दुपारी तीन वाजता शेडवरच्या बायका आल्या तेव्हा खोलीत पोलीस होते आणि बातमी आधीच पोचली होती. अकरापैकी सहा जणी अंघोळ न करता, बूटही न काढता परत गेल्या. पाच आणि छू आजी राहिल्या. मी कामाच्या कपड्यातच चौथऱ्यासमोर उभी राहिले आणि टोपली मी फिरवत होते असे सांगितले. सोंगहोच्या आईने हातातले अंडे खाली ठेवले. तेव्हा छू आजी म्हणाल्या, "ओक-बुन, मला डोळ्यांनी दिसत नाही धड. तू नाव समोर करतेस म्हणून माझी टोपली मला सापडते. उद्यापासून करायची बंद झालीस तर मी काय वासावरून शोधू?"

मी म्हणाले, "आजी, तुमचंही चित्र निघालंय त्यात."

"माझं पोट बघून कोणाचं भलं होणार असेल तर बापडा बघो. पण मला विचारायचं होतं. मी नाही म्हणाले असते." मग त्या सोंगहोच्या आईला म्हणाल्या, "आणि तू ते अंडं खा, नाही तर मला दे."

सोंगहोच्या आईने अंडे त्यांना दिले. तिने स्वतः खाल्ले नाही.

आज सकाळी पाच वाजता मी न्हाणीघर उघडले. चौकीत येण्यासाठी साडेनऊला निघेपर्यंत चार बायका आल्या होत्या. एरवी शनिवारी सकाळी पंचवीस होतात. मालकीणबाईंनी प्रत्येकीला दारातच सांगितले की काय घडले, कोणी केले, आणि फळीवरची प्रत्येक टोपली उघडून तपासली आहे. हे त्यांनी आपणहून केले. मी त्यांना विचारले, "पेपरात येईल म्हणून घाबरत होतात ना?" त्या म्हणाल्या, "घाबरतेच आहे. पण पेपरवाल्यांच्या आधी मीच सांगितलेलं बरं." त्या चौघींपैकी एक सोंगहोची आई होती, आज ती शेडवर गेली नव्हती. ती एकोणीस वर्षे येते. आज ती दोन्ही टॉवेल जोडून काखेपासून गुडघ्यापर्यंत गुंडाळून चौथऱ्याच्या कडेला बसली होती आणि खोलीच्या कोपऱ्यांकडे बघत होती. माझ्या टेबलावर आली नाही. मी तिला आग्रह केला नाही.

प्रश्न : चित्रणात दिसणाऱ्या इतर स्त्रिया तुम्ही ओळखू शकाल का?

उत्तर : चेहऱ्यावरून, पाठीवरून, आवाजावरूनही ओळखू शकेन. पण एकीचेही नाव मी तिला विचारल्याशिवाय सांगणार नाही. ज्यांना यायचे आहे त्या स्वतः येतील. तोवर माझे नाव धरा. मी रोज सकाळी पाच ते संध्याकाळी सहा तिथे असते, तेव्हा प्रत्येक चित्रणात मी आहेच. फिर्यादी एक पुरत असेल तर मी आहे. चित्रण बघायचेच असेल तर ते बाईनेच बघावे, आणि बघायला किती जणी लागतात ते आधी कळवावे.

प्रश्न : ते चित्रण बाहेर गेले आहे का, याबद्दल तुम्हाला काही माहिती आहे का?

उत्तर : नाही. ते शोधणे तुमचे काम आहे. फोनवरचा तो कोण हेही. ती बाई सापडली म्हणजे काम झाले असे कोणी समजू नये. मी दर आठवड्याला येऊन विचारणार आहे, ते आताच सांगून ठेवते.

प्रश्न : सदर कृत्यामुळे तुम्हाला स्त्री म्हणून लाज वाटली का?

उत्तर : नाही.

या ठिकाणी ओ मॅडमनी मला समजावून सांगितले की, अशा गुन्ह्यात हा प्रश्न विचारावाच लागतो, बहुतेक बायका 'होय' म्हणतात आणि 'होय' असले की न्यायालयात फिर्याद बळकट होते. त्यांनी 'होय, मला अत्यंत लाज वाटली' असे लिहून ठेवले होते. त्यात त्यांचा हेतू वाईट नव्हता. तो मजकूर त्यांनी वाचून दाखवला तेव्हा मी हे माझे नाही म्हणाले.

ओ मॅडम म्हणाल्या, "ताई, एका शब्दाने काय बिघडतं? खटल्याला मदतच होईल."

मी म्हणाले, "मॅडम, मी एकतीस वर्षं उघड्या अंगाच्या बायकांमधे उभी आहे. ऑपरेशनच्या खुणा, एका छातीच्या, सहा बाळंतपणांच्या, हाडाचा सापळा झालेल्या. पहिल्यांदा येतात तेव्हा सगळ्या टॉवेल गुंडाळून येतात. तो टॉवेल सुटायला कोणाला महिना लागतो, कोणाला वर्ष. माझं खरं काम ते आहे, मळ काय, घरीही निघतो. आता मी इथे लाज वाटली म्हणून सही केली, तर काय केलं आम्ही लाजण्यासारखं? अंघोळ केली. अंडी खाल्ली. सोंगहोची आई आज टॉवेल गुंडाळून बसली आहे. तिने मला विचारलं, ताई, तुम्ही काय लिहून दिलंत? तर तिला काय सांगू?"

मॅडम म्हणाल्या, "मग काय वाटलं ते सांगा, तसं लिहिते."

उत्तर : मला संताप आला. माझ्या जागेत, माझ्या हाताखालून, माझ्या माणसांची चोरी झाली. संताप काल होता, आज आहे, आणि निकाल लागेपर्यंत राहील. ज्या बाईने बाटली ठेवली, जो फोनवरून सांगत होता आणि ज्यांनी ते बघितले असेल, त्यांना लाज वाटते का हे त्यांच्या जबाबात विचारावे आणि त्यांचे उत्तर मला कळवावे.

यावर फिर्याद कमकुवत होईल का, असे मी विचारले. मॅडम म्हणाल्या की, होऊ नये अशा रीतीने त्या लिहितील. तसे त्यांनी लिहिले आहे.

आणखी सांगायचे असे की, दालमाजी न्हाणीघर आज चालू आहे, उद्या चालू राहील, मंगळवारी नेहमीची सुट्टी आहे. हे पेपरवाले विचारतील तर त्यांनाही सांगावे. मला तीन वाजता टेबलावर हजर राहायचे आहे, शेड सुटते. कोणी आले नाही तरी मी तिथे असणार आहे.

हा जबाब मी बोलले तसा ओ मॅडमनी टंकून घेतला. माझा चष्मा घरी राहिल्यामुळे त्यांनी तो मला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला आणि मी मधे मधे थांबवून ऐकला. पान चारवर 'लाज' हा शब्द माझ्या सांगण्यावरून खोडून तिथे 'संताप' असे घेतले आहे, दुरुस्तीच्या जागी माझा अंगठा आहे. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे खरा आहे. एकतीस वर्षांच्या कामाने माझ्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत, त्यामुळे ठसा दोन वेळा कोराच आला. तिसऱ्या वेळी मॅडमनी शाई जास्त घेतली आणि मी जोर लावला, तेव्हा उमटला. तो माझाच आहे.

क्वाक ओक-बुन
(सही व उजव्या अंगठ्याचा ठसा)